पेन्सिल घेऊन मार्क वाचताना : पुण्यातील एका शास्त्राभ्यास वर्गाविषयी

पुण्यातील एका ख्रिस्ती मंडळीने जानेवारी ते मार्च या काळात चालवलेला १० शनिवारांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबल अभ्यासाचा, वर्ग मी नुकताच पूर्ण केला. वेळ सायंकाळी ५ ते ७, जागा उपासनामंदिरामागचे सभागृह, शुल्क चहा आणि छापील टिपणे धरून ६०० रुपये, आणि अभ्यासाला बायबलच्या नव्या करारातील एकच पुस्तक : मार्काने सांगितलेली येशूची कथा, म्हणजे मार्ककृत शुभवर्तमान, सोळाच्या सोळा अध्याय. आम्ही २२ जण होतो. शिकवणाऱ्या बाईंनी धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात अनेक वर्षे ग्रीक शिकवले आहे. आपल्याकडे बायबल अभ्यासाच्या नावाखाली बहुधा जे चालते, त्याहून हा वर्ग इतका वेगळा निघाला की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आपल्याकडची रूढ पद्धत विषयवार असते. ‘विश्वास’ किंवा ‘प्रार्थना’ असा विषय घ्यायचा, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, त्यावरची वचने गोळा करायची, प्रत्येकाने एकेक मोठ्याने वाचायचे आणि शेवटी पाळकसाहेबांनी चार शब्द बोलायचे. या पद्धतीने मला लहानपणापासून शेकडो वचने पाठ झाली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ती सुटी सुटी पाठ झाली. त्यांच्या मागेपुढे काय आहे, ते कोण कोणाला कोणत्या प्रसंगी म्हणत आहे, हे मला क्वचितच सांगता आले असते. या वर्गाने नेमकी ही उणीव हेरली आहे.

पहिल्या शनिवारी बाईंनी आम्हांला बायबल उघडूच दिले नाही. प्रत्येकाच्या हाती एक कागद दिला, त्यावर मार्काच्या पाचव्या अध्यायातील याईराच्या मुलीची गोष्ट छापलेली होती; मात्र अध्यायाचा आकडा, वचनांचे आकडे, मधले मथळे सगळे काढून टाकले होते आणि समास चांगला चार बोटे रुंद सोडला होता. आज आपण ज्या अध्यायांच्या आधाराने बायबल वाचतो ते तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँगटन या इंग्रज धर्मपंडितांनी पाडले आणि नव्या करारातील वचनांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले, तेव्हा मूळ लेखकाने जे लिहिले ते असे सलग होते, एवढेच सांगून बाईंनी पेन्सिली वाटल्या. पुन्हा आलेल्या शब्दाभोवती वर्तुळ, वेळ आणि स्थळ यांच्याखाली रेघ, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तेव्हा’ यांना चौकट. पाऊण तास कोणी कोणाशी बोलायचे नाही, आणि अर्थ तर मुळीच सांगायचा नाही.

त्या पाऊण तासात मला जे दिसले ते ४० वर्षांत दिसले नव्हते. सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या मरणोन्मुख मुलीसाठी येशूच्या पाया पडतो, येशू निघतो, आणि वाटेत त्या गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट सुरू होते : १२ वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. मुलगी उठून चालू लागल्यावर मार्क जाता जाता सांगतो की ती १२ वर्षांची होती. माझी दोन वर्तुळे कागदाच्या दोन टोकांना होती. ती मुलगी जन्मली त्याच सुमारास या बाईचे दुखणे सुरू झाले, हे ती वर्तुळे जोडल्यावर लक्षात आले. त्याहून मोठी गोष्ट माझ्या शेजारी बसलेल्या परिचारिका ताईंनी दाखवली. त्या बाईला येशू ‘मुली’ अशी हाक मारतो, आणि त्याचे बोलणे संपते न संपते तोच याईराच्या घरची माणसे येऊन सांगतात की तुमची मुलगी मेली. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, असे बाईंनी नंतर सांगितले. जिच्यासाठी पाया पडायला बाप आहे ती एक मुलगी, आणि जिच्या बाजूने बोलणारे कोणीच नाही ती दुसरी. तिला मुलगी म्हणणारा तिथेच भेटला. हे सांगताना ताईंचा आवाज भरून आला होता, आणि रुग्णालयात रक्त कमी झालेल्या बायका किती उशिरा येतात हे त्या रोज पाहतात, त्यामुळे त्यांना ते माझ्याआधी दिसले यात नवल नाही.

अर्थाकडे आम्ही दुसऱ्या शनिवारी गेलो. जुन्या करारातील लेवीयच्या पंधराव्या अध्यायात अशा स्रावाचे सोवळेओवळे सांगितले आहे आणि गणनाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध राहतो असे आहे. ते वाचल्यावर त्या गर्दीतल्या स्पर्शाचे आणि मेलेल्या मुलीचा हात धरण्याचे वजन कळले. आपल्या आज्यांनी ‘बाजूला बसणे’ पाहिलेले असल्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. मग ही गोष्ट सांगणारी मार्क, मत्तय आणि लूक ही तीन शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवली. मार्काला या गोष्टीसाठी २३ वचने लागतात, लूकला १७, मत्तयाला अवघी ९; मत्तयात मुलगी आरंभीच मेलेली आहे आणि बापाचे नावसुद्धा नाही, तर अनेक वैद्यांच्या हातून हाल होऊन दुखणे उलट वाढल्याचा मार्काचा तपशील लूकने गाळला आहे. मार्क आधी लिहिले गेले आणि इतर दोघांनी ते समोर ठेवले, हे बहुसंख्य अभ्यासकांचे मत बाईंनी काही न लपवता मांडले. एकदोघे अस्वस्थ झाले. मला मात्र असे वाटले की चार साक्षीदारांचे शब्द एकसारखे असते तर त्यांच्यावरचा माझा विश्वास कमीच झाला असता.

या वर्गाचे खरे वैशिष्ट्य माझ्या मते असे की येथे मराठीला अभ्यासाचे साधन म्हणून वागवले जाते. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच सर्वनाम लागते; आपल्याकडे तसे नाही. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो की सैतानाने ‘तुम्हांला’ चाळायला मागितले आहे, पण मी ‘तुझ्यासाठी’ विनंती केली आहे. धोका सर्वांना आणि प्रार्थना एकासाठी, हे मराठी वाचणाऱ्याला ग्रीक न शिकता दिसते. उलट, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद ग्रीकमध्ये नाही, म्हणून तो मराठी अनुवादकाला स्वतः करावा लागतो. वादळात शिष्य येशूला उठवून म्हणतात ते ‘आपण बुडत आहोत’ की ‘आम्ही बुडत आहोत’? तो आपल्याबरोबर बुडेल असे त्यांना वाटत होते का? या एका शब्दावर आमची २० मिनिटे गेली आणि ती सार्थकी लागली. जेथे मराठी अपुरी पडते तेही दाखवले : मार्कात ‘लगेच’ या अर्थाचा एकच शब्द सुमारे ४० वेळा येतो, पण पुनरुक्ती टाळण्याच्या आपल्या लेखनाच्या सवयीमुळे तो कुठे ‘तत्काळ’ होतो, कुठे ‘तेव्हाच’, कुठे नाहीसाच होतो, आणि मार्काची धावपळ मंदावते. अशा वेळी बाई पंडिता रमाबाईंचे भाषांतर काढीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणले आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले, हे मी ऐकून होते. ती प्रत हाती घेऊन रूढ भाषांतराशी ओळ न् ओळ ताडून पाहण्याचा योग मात्र येथेच आला.

सहावा शनिवार मार्क बाजूला ठेवून यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायाला दिला, तो का ते लगेच कळले. त्यातील अकरावे वचन, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत हे, आपल्या घरोघरी दिनदर्शिकेवर आणि परीक्षेच्या शुभेच्छापत्रांवर असते. आम्ही आधीचे दहावे वचन वाचले : बाबेलमध्ये ७० वर्षे भरल्यावर. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेहून बाबेलला पाडाव होऊन, म्हणजे कैदी म्हणून, गेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने लिहिलेले हे पत्र आहे. हनन्या हा दुसरा संदेष्टा यरुशलेमेत त्यांची दोन वर्षांत सुटका होईल असे सांगत होता आणि यिर्मया सांगत होता की घरे बांधा, बागा लावा, त्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी हे वचन प्रथम ऐकले त्यांतील बहुतेक जण घरी परतणार नव्हते. नगरहून येणारे एक निवृत्त गुरुजी बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “माझ्या मुलाच्या आजारपणात मी हे वचन उशाशी ठेवले होते. आज ते मला अधिक आधाराचे वाटते.”

आता त्रुटी. टिपणे इंग्रजीवरून घाईने उतरवलेली आहेत आणि काही वाक्ये दोनदा वाचूनही उमगत नाहीत. इतके चांगले मराठी बोलणाऱ्या बाईंनी ती स्वतः लिहायला हवी होती. गालीलचा नकाशा छायाप्रतीत काळा पडला होता. आधी निरीक्षण, मग अर्थ आणि त्यानंतरच्या ‘माझ्यासाठी काय’ या तिसऱ्या टप्प्यावर चर्चा हमखास साक्षींकडे, म्हणजे आपापले विश्वासाचे अनुभव सांगण्याकडे, वळे आणि शास्त्रभाग मागे राही. सर्वांत गंभीर तक्रार शेवटच्या शनिवारची आहे. मार्काच्या सर्वांत जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत सोळावा अध्याय आठव्या वचनाशी, येशूच्या कबरेकडे गेलेल्या स्त्रिया भ्याल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत येथे, संपतो. पुढची १२ वचने नंतर जोडली गेली असावीत असे मानले जाते. इतका नाजूक विषय वर्ग सुटायच्या वेळी १० मिनिटांत उरकला. एक वृद्ध मावशी ‘मग आमच्या बायबलात खोटे छापले आहे का’ असे विचारत घरी गेल्या, आणि त्यांना उत्तर द्यायला कोणी थांबले नाही. हे व्हायला नको होते. हस्तलिखिते कशी जपली गेली, त्यांतील फरक उघडपणे का नोंदवले जातात, याला एक पूर्ण शनिवार द्यावा अशी लेखी सूचना मी केली आहे.

ज्यांना आठवडाभराच्या श्रमानंतर केवळ दिलासा देणारे प्रवचन हवे आहे त्यांनी या वर्गाला येऊ नये. येथे घरचा अभ्यास असतो आणि तो तपासला जातो. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मात्र जरूर यावे. ख्रिस्ती नसलेले दोघे आमच्या वर्गात होते, त्यांना कोणी अवघडल्यासारखे वाटू दिले नाही. रोमन कॅथॉलिकांनी आपली प्रत बरोबर आणावी, म्हणजे ताडून पाहायला आणखी एक भाषांतर मिळेल.

पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर रूथच्या पुस्तकावर आहे. अध्याय चार आणि शनिवारही चारच. मी नाव नोंदवले आहे आणि त्या मावशींनाही बरोबर आणण्याचे कबूल करून घेतले आहे. मार्काच्या शेवटाविषयी त्यांच्याशी बोलायला बाई पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी जाणार आहेत.