हर्ब किट: मार्चपासून वापरतेय, आता डिसेंबर संपत आला, तर हा अनुभव

मार्चमध्ये ऑनलाइन एक हर्ब किट मागवलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मैत्रिणीने दुसरीकडून घेतलं त्यातही थोड्याफार फरकाने हेच निघालं. छोट्या कुंड्या, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून केलेल्या चकत्या, बियांची पाकिटं (बेसिल, थाइम, रोझमेरी, ओरेगॅनो, पार्सली, कोथिंबीर) आणि एक गुळगुळीत माहितीपत्रक. आमचा फ्लॅट पुण्यात, बाल्कनी पूर्वेची, सकाळी दहा-साडेदहापर्यंत ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड. हे आधीच सांगतेय कारण लोक रिव्ह्यूमध्ये फोटो भरभरून टाकतात पण बाल्कनी कुठल्या दिशेला ते सांगत नाहीत, आणि मग आपल्याकडे का येत नाही म्हणून आपण डोकं खाजवत बसायचं.

कोकोपीटच्या चकत्या खरंच भारी. पाण्यात टाकली की बघता बघता फुगते, पसारा नाही, कुंडी हलकी राहते. पण कोकोपीट पाणी धरून ठेवतं, त्यात रोपाला खायला जवळपास काहीच नसतं, त्यामुळे बी रुजवायला उत्तम आणि पुढे उपासमार. चार पानं आली की पिवळी पडायला लागतात, आणि पत्रकात खताबद्दल अवाक्षर नाही. मी नर्सरीतून माती आणि गांडूळखत आणलं, कोकोपीटसकट तिन्ही सारखं मिसळलं, मग कुठे रोपांनी अंग धरलं.

खरा राग त्या पत्रकाचाच. म्हणे मार्च-एप्रिलमध्ये पेरा! अहो, तिकडे थंड देशात बर्फ वितळल्यावर पेरतात ते ठीक आहे, पुण्यात एप्रिलला पारा ३८-४० ला टेकतो. थाइम, रोझमेरी, ओरेगॅनो ही सगळी भूमध्य समुद्राकडची मंडळी, तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळं ओलं आणि दमट. थाइम उगवलं, इवलंसं, पण जुलैत बुडाशी काळं पडून गेलं. ओरेगॅनोही त्याच वाटेने. रोझमेरीने तर तोंडच दाखवलं नाही, नर्सरीवाले काका हसले, म्हणाले रोझमेरी बियांवरून कोण करतं ताई, फांदी लावायची. पार्सली तीन आठवडे दडी मारून बसली आणि कुंडी रिकामी करायला घेतली तेव्हा उगवलेली दिसली, आता बरी आहे, पण आमच्या घरी पार्सली खातं कोण हा वेगळा प्रश्न.

बेसिल मात्र पैसा वसूल. वीतभर झालं की पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडायचा, तिथून दोन फांद्या फुटतात, परत त्यांचे शेंडे खुडायचे. मंजिऱ्या दिसल्या की लगेच काढायच्या, नाहीतर पानं बारीक आणि कडवट होतात. फालुद्यातला सब्जा म्हणजेही बेसिलचंच बी, म्हणून तोही टाकून बघितला, धडाधड आला, पण वास लवंग-बडीशेपेकडे जाणारा, पास्त्यात नाही जमला, हिरव्या चटणीत झकास.

कोथिंबिरीचं पाकीट एका पेरणीत संपलं, नंतर किराण्यातलेच धणे वापरतेय. एका अख्ख्या धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलकेच रगडायचे, नुसते दोन भाग व्हायला हवेत, पूड नाही, मग रात्रभर भिजत टाकून सरळ मोठ्या कुंडीत पेरायचे. उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका, सोटमूळ असतं, दुखावतं. मे महिन्यात लावलेली जुडीभर व्हायच्या आतच फुलावर गेली, दिवाळीनंतरची अजून कापतेय.

आता गंमत अशी की सगळ्यात जास्त उत्पन्न किटबाहेरच्या झाडांचं. मंडईतल्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या निवडल्या, खालची पानं काढून ग्लासात ठेवल्या, आठवडाभरात पांढरी मुळं. फक्त त्याला स्वतंत्र कुंडी द्या, शेजाऱ्याला जगू देत नाही तो. आणि समोरच्या काकूंनी दिलेली पानओव्याची फांदी! नुसती खोचली आणि लागली. ओरेगॅनो, थाइमला जो वास असतो तोच साधारण त्या जाड लवदार पानांना असतो, बारीक चिरून पिझ्झ्यावर टाकलं तर पोरांना कळलंही नाही, आणि पावसाळ्यात भजी होतात ती वेगळीच. ह्या एका फांदीपुढे किटमधली दोन पाकिटं फिकी.

किडीचा त्रास थोडाफार झाला. बेसिलवर मावा आला तेव्हा लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारलं, पानं दोन-तीन दिवस खाल्ली नाहीत. कढीपत्त्यावर मात्र पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी दिसलं, पुसायला गेले तर ते हललं! फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून घाण वास सोडते. मारवेना, सोसायटीच्या लिंबाच्या झाडावर सोडून आले, तिथलीही पानं तिला चालतात (माळीबुवांना सांगू नका).

५ पैकी अडीच स्टार, तेही बेसिल आणि चकत्यांमुळे. घ्यायचंच असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या, पाकिटावर पॅकिंगची तारीख बघा, जुनं बी रुजत नाही. रोझमेरी हवी असेल तर नर्सरीतून तयार रोप आणा आणि पावसाळ्यात छपराखाली ठेवा, मी गेल्या महिन्यात आणलंय, अजून तरी ठणठणीत आहे.