वेदर बँडचा रेडिओ : उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरीपर्यंतच्या वापराचा अनुभव

गेल्या आठवड्यात या रेडिओचे चार्जिंगचे हँडल मुळापासून निखळले. वॉरंटीची मुदत शिल्लक असूनही ‘हाताने फिरवायचा भाग झिजणारच, तो वॉरंटीत धरला जात नाही’ असे उत्तर विक्रेत्याच्या ग्राहक सेवेकडून आले. हाताने फिरवून चार्ज होतो म्हणूनच जी वस्तू विकली जाते, तिचे हँडल फिरवल्यामुळे झिजले हेच तक्रार नाकारण्याचे कारण ठरावे, याचे नवल अजून ओसरलेले नाही. तरीही केवळ हँडलसाठी मी एवढे लिहीत बसलो नसतो. माझा खरा आक्षेप सेटच्या दर्शनी भागावर छापलेल्या ‘डब्ल्यूबी’ या अक्षरांना आणि त्यांच्या जोरावर उकळलेल्या पैशांना आहे.

टॉर्च, सौर पॅनेल, यूएसबी वगैरे बाबी सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्या पुन्हा सांगत नाही. ‘डब्ल्यूबी’ म्हणजे वेदर बँड. अमेरिकेत ‘नोआ’ ही सरकारी संस्था 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील सात फ्रीक्वेन्सींवर चोवीस तास केवळ हवामानाची माहिती आणि धोक्याचे इशारे प्रसारित करते. हजाराहून अधिक प्रक्षेपकांचे ते जाळे आहे. अ‍ॅपलाशियन ट्रेलसारख्या साडेतीन हजार किलोमीटरच्या वाटेवर महिनोन्‌महिने चालणारा माणूस तंबूत बसून, बटण दाबून, त्या भागाचा अंदाज ऐकू शकतो. तिथेही खोल दरीत आवाज गायब होतो, कारण या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि एका प्रक्षेपकाचा आवाका ढोबळमानाने साठ-पासष्ट किलोमीटरचा असतो. म्हणून चालणारे लोक कड्यावर किंवा खिंडीत पोहोचल्यावर रेडिओ लावतात. ही सोय तिथली आहे. आपल्याकडे या सात फ्रीक्वेन्सींवर अशी कोणतीही सेवा नाही, त्यामुळे सोलापुरात, राजगडावर किंवा पंढरीच्या वाटेवर हे बटण दाबले की सातही फ्रीक्वेन्सींवर एकसारखा फसफसाट ऐकू येतो. आणि जाहिरातीत लिहिले आहे, ‘भारतभर हवामानाचे इशारे त्वरित मिळवा’. मी 2,700 रुपये मोजले. वेदर बँड नसलेला, बाकी सर्व बाबतींत असाच असलेला सेट त्याच विक्रेत्याकडे नऊशे रुपयांनी स्वस्त आहे. हे नऊशे रुपये फसफसाटाचे आहेत.

त्याहूनही चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. मध्यम लहरींवरील (मीडियम वेव्ह) आपली केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्‌झच्या अंतराने लावलेली असतात, तर अमेरिकेत हे अंतर दहाचे असते. आकाशवाणीचे पुणे केंद्र 792 किलोहर्ट्‌झवर आहे, आणि ही संख्या नऊने भागली जाते. परंतु हा सेट कारखान्यातून दहाच्या अंतरावर बसवून येतो, म्हणून तो 790 वर थांबतो आणि मग थेट 800 वर उडी मारतो. 790 वर पुणे केंद्र लागते खरे, पण निवेदकाने तोंडावर उपरणे धरून बोलावे तसे. ग्राहक सेवेला तीनदा लिहिले तेव्हा तिन्ही वेळा ‘अँटेना पूर्ण बाहेर काढा’ असा सल्ला मिळाला. मध्यम लहरींसाठी त्या लांब अँटेनेचा काहीही उपयोग नसतो. त्या लहरी पेटीच्या आतली फेराइटची कांडी पकडते, आणि आवाज सुधारायचा असेल तर सगळा सेटच आडवा फिरवून योग्य कोन शोधावा लागतो. अखेर नवी पेठेतील एका जुन्या दुरुस्तीवाल्याने सेट बंद असताना बँडचे बटण काही सेकंद दाबून धरले. पडद्यावर 10 चा 9 झाला, आणि पुणे केंद्र स्वच्छ बोलू लागले. माहितीपुस्तिकेत याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. ‘काका, हे परदेशी सेट असेच येत्यात,’ एवढेच तो म्हणाला, आणि त्याचे पैसेही त्याने घेतले नाहीत.

त्यानंतर रेडिओने जे काम केले ते नाकारता येणार नाही. आषाढात माउलींच्या पालखीबरोबर आमची दिंडी नातेपुत्याला पोहोचली तेव्हापासून वाखरीपर्यंत मोबाइलला रेंज दिसत असूनही गर्दीमुळे इंटरनेट चालत नव्हते, आणि चार्जिंगच्या प्रत्येक फळीपुढे रांग होती. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ किंवा हवामानाचे ‘मौसम’ ही अ‍ॅप उत्तम आहेत, पण इंटरनेट नसेल तर त्यांचा काय उपयोग? सकाळी सात दहाच्या प्रादेशिक बातम्या मात्र चालता चालता मिळत, आणि त्यांच्या अखेरीस येणाऱ्या हवामानाच्या दोन ओळींवरून राहुट्या उताराला ठोकायच्या की चढाला, हे ठरत असे. दिंडीतील एक आजी रोज विचारायच्या, ‘माउली, तुमचा डबा काय म्हणतोय आज?’

मात्र त्या दोन ओळी ऐकताना सावध राहावे लागते. हवामान विभागाने महाराष्ट्राचे चार उपविभाग पाडले आहेत, आणि त्यांपैकी ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच उपविभागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारे महाबळेश्वरही येते आणि पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानणारे आमचे सोलापूरही येते. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ उपविभागातील जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस, असा असतो. पाऊस हलका असेल असा त्याचा अर्थ नाही. ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. घाट परिसराचा उल्लेख वेगळा झाला, तर सह्याद्रीत असणाऱ्याने कान टवकारावेत. सोलापूरकराने त्या दिवशी छत्री घरी ठेवली तरी बहुधा चालते.

इथपर्यंत या सेटला मी पाचपैकी दोनच तारे देणार होतो. मत बदलले ते राजगड-तोरणा-रायगड या चालीत. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे ढग दुपारी चढू लागतात त्या दिवसांत, आम्ही राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर होतो. धुके एवढे होते की पुढच्याची पाठपिशवीही अंधूक दिसत होती. रेडिओ मध्यम लहरींच्या खालच्या टोकाला, जिथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी ठेवलेला होता. त्यात आधी तळणीसारखी बारीक चरचर येऊ लागली, आणि पाऊण तासात तिची जागा सुट्या, तीक्ष्ण ‘कट्ट’ अशा आवाजांनी घेतली. हा प्रत्येक ‘कट्ट’ म्हणजे कुठेतरी चमकलेली वीज असते. विजेच्या लहरींचा जोर मध्यम लहरींच्या आवाजात थेट मिसळतो, तर एफएमच्या रचनेत तो बराचसा गाळला जातो, म्हणून एफएमवर हे ऐकू येत नाही. धुक्यात वीज चमकलेली दिसत नाही, पण रेडिओतला ‘कट्ट’ ती चमकते त्याच क्षणी उमटतो. त्यामुळे तिथून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि त्याच्या आत वीज आली की उघड्या धारेवर राहू नये, हा सर्वमान्य संकेत आहे. आमची मोजणी एकवीसवर आली तेव्हा आम्ही धार सोडून खालच्या झाडीत उतरलो आणि एकट्या उंच झाडापासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून बसलो. त्या तासाभरात या सेटने जे दिले ते ‘डब्ल्यूबी’च्या बटणाने दिलेले नव्हते, आणि जाहिरातीत त्याचा शब्दही नाही. एक काळजी मात्र घ्यावी : पॉवर बँक किंवा एलईडी टॉर्च शेजारी चालू असेल तर तिचीही चरचर येते, ती विजेची समजू नये.

बाकीचे थोडक्यात सांगतो. सौर पॅनेल शोभेचे आहे : अर्ध्या वॉटचे पॅनेल आणि सुमारे साडेसात वॉट-तासांची बॅटरी, म्हणजे कागदावरच पंधरा तासांचे कडक ऊन लागते. आमच्या एप्रिलमध्ये ते मिळते, सह्याद्रीच्या आषाढात नाही. राजगडावरील पद्मावती मंदिराच्या दगडी भिंतींच्या आत मध्यम लहरींचा आवाज बसतो, ओसरीवर आल्यावर उठतो. झाकण पावसाला पुरते, धबधब्याला नाही.

हँडल नवी पेठेतच 150 रुपयांत पितळी बुश घालून बसवून घेतले, आणि ते मूळच्यापेक्षा घट्ट आहे. सेटला तीन तारे; विक्रेत्याला एकही नाही. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी वेदर बँड नसलेला स्वस्त सेट घ्यावा, फक्त त्यात मध्यम लहरी आहेत आणि अंतर नऊवर येते, एवढे दुकानातच 792 लावून पाहावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. मागणी एवढीच आहे की ती ‘भारतभर’वाली ओळ काढावी आणि नऊशे रुपये परत करावेत, हँडलचे दीडशे मी सोडून दिले आहेत.