पीपीसी अ‍ॅफिलिएट, काही महिन्यांनंतर: क्लिकचं बिल माझं, ऑर्डर रद्द करायचा हक्क त्यांचा

पीपीसी अ‍ॅफिलिएट म्हणजे स्वतःच्या खिशातून दर क्लिकला पैसे भरून जाहिरात लावायची, दुसऱ्या कंपनीचा माल विकायचा आणि विक्रीवर कमिशन घ्यायचं. हा रिव्ह्यू वर्ष झाल्यावर लिहायचा होता. पण मागच्या महिन्याचं बहुतेक कमिशन नेटवर्कने (कंपनी आणि माझ्यामधला मध्यस्थ) 'रिव्हर्स्ड', म्हणजे रद्द करून टाकलं, म्हटलं आता थांबण्यात अर्थ नाही. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: ब्रँड बिडिंग. म्हणजे ज्यांचे हेडफोन मी विकतो, त्या कंपनीच्याच नावावर मी बोली लावली म्हणे. माझा कीवर्ड (ज्या शोधावर जाहिरात दिसावी ते शब्द) होता 'ऑफिससाठी हेडफोन', ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांवरही जाहिरात दिसते. कंपनीचं नाव टाकून शोधणाऱ्यांनाही त्यावरून जाहिरात दिसली, एवढंच. सपोर्टला कीवर्डची अख्खी यादी पाठवली. उत्तर: 'कृपया कार्यक्रमाच्या अटी वाचा.' वाचल्या. 'ब्रँडवर बोली लावू नये' आहे. ब्रँड निगेटिव्हमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) टाका, असं कुठेही नाही. तेही कळवलं. पुन्हा तेच उत्तर, खाली नाव फक्त दुसऱ्याचं.

तेव्हापासून मी निगेटिव्ह कीवर्डच्या मागे हात धुऊन लागलोय. घरचे वैतागलेत, पण लिहितोच. गूगल अ‍ॅड्समध्ये कीवर्ड नुसता टाकला की तो ब्रॉड धरला जातो. फ्रेजला (शोधात त्या शब्दसमूहाचा अर्थ असेल तरच) अवतरणचिन्हं आणि एक्झॅक्टला (शोधाचा अर्थ तोच असेल तरच) चौकटी कंस लागतो. साधा कीवर्ड अर्थ ओळखून पसरतो, निगेटिव्ह मात्र पसरत नाही. चुकीची स्पेलिंग २०२४ पासून त्यात आपोआप धरली जाते. अनेकवचन आणि समानार्थी शब्द अजूनही आपणच टाकायचे. माझ्या सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये (लोकांनी नेमकं काय शोधलं त्याची यादी) 'हेडफोनच्या एकाच बाजूने आवाज येतो' ही ओळ सारखी वर यायची. तो बिचारा जुना हेडफोन नीट करायला निघालाय, नवा कशाला घेईल? 'दुरुस्ती' अडवलं, तर 'रिपेअर'वाले आले. ते अडवले, तर 'रिपेअरिंग'वाले. शिवाय हा रिपोर्ट पूर्ण नसतो. सप्टेंबर २०२० पासून फार कमी वेळा शोधलेले शब्द त्यात दिसत नाहीत, क्लिकचे पैसे मात्र लागतात.

सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगायचो की क्लिक महाग म्हणून हे परवडत नाही. ते मत बदललंय. हिशेब बघा: १०० क्लिकमागे २ ऑर्डर येत असतील, तर एक क्लिक कमिशनच्या पन्नासाव्या भागाहून स्वस्त पडला पाहिजे. पाचातली एक ऑर्डर परत गेली, की हाच आकडा साडेबासष्टाव्या भागावर येतो. म्हणजे क्लिकचा भाव तोच राहिला, तरी परताव्यांमुळे नफ्याचा कीवर्ड तोट्यात जातो. आणि परतावा कळतो कधी? क्लिकचे पैसे कार्डातून गेल्यावर कितीतरी आठवड्यांनी, नेटवर्कने ऑर्डर 'व्हॅलिडेट' केली, म्हणजे तपासून पक्की केली की. तोवर डॅशबोर्डवरच्या 'पेंडिंग'कडे बघून बजेट वाढवायचा मोह होतो. एक पैसा वाढवू नका.

ट्रॅकिंगबद्दल थोडक्यात. खरेदीनंतरचं 'धन्यवाद' पान कंपनीचं, तिथे आपला टॅग (विक्री मोजणारा कोड) बसत नाही. त्यामुळे जाहिरातीच्या खात्यात कन्व्हर्जन (क्लिकमधून झालेली विक्री) शून्यच दिसतात आणि ऑटोमॅटिक बिडिंगला (बोली आपोआप ठरवणाऱ्या सोयीला) शिकायला काही मिळत नाही. उपाय म्हणजे लिंकमध्ये क्लिक आयडी (प्रत्येक क्लिकचा वेगळा क्रमांक) सबआयडी, म्हणजे नेटवर्क ऑर्डरसोबत परत दाखवतं ती खूण, म्हणून पाठवायचा आणि ऑर्डर आली की तो खात्यात पुन्हा अपलोड करायचा. कंटाळवाणं काम आहे, पण कुठल्या कीवर्डने विक्री दिली हे मला पहिल्यांदा यातूनच कळलं.

आता चांगलं, कारण ते अनपेक्षित होतं. 'चष्मा लावून तासन्‌तास घालता येईल असा हेडफोन' यासाठी एक वेगळं पान केलं: कानाच्या गादीची जाडी, डोक्यावरचा दाब, वजन, आणि मी स्वतः घालून काढलेले फोटो. नुसती लिंक देऊन पुढे ढकलणारी पानं जाहिरातीच्या नियमांतही बसत नाहीत, म्हणून नाइलाजाने केलं होतं. त्या कीवर्डचा क्वालिटी स्कोअर (जाहिरात आणि पानाच्या दर्जाला गूगल दहापैकी देतं तो गुण) ४ वरून ८ वर गेला आणि क्लिक स्वस्त झाला. शोधणारे थोडे, पण घेणारे त्यातलेच.

त्यामुळे पाच पैकी तीन तारे. एक तारा नेटवर्कने खाल्ला, दुसरा अनेकवचनांनी. ब्रॉड मॅच बंद केलंय, चष्म्याचं पान चालू आहे. नवीन कंपनीकडे जाण्याआधी आता मी एकच प्रश्न ईमेलने विचारतो: ब्रॉड मॅचमधून तुमच्या नावावर जाहिरात दिसली, तर कमिशन कापाल का? दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यांनी निगेटिव्हसाठी आपल्या नावाच्या सगळ्या स्पेलिंगची यादी पाठवली, अनेकवचनासकट. त्यांच्याकडे अर्ज केलाय.