अमिनो आम्ल तोडायचे कसे: इंजेक्शनने की ताटातून?

सोलापुरातील एका मुलाने विचारले आहे की, वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अस्पॅराजिनेज या विकराचे (एन्झाइमचे) इंजेक्शन मागावे, की अंडी-दूध बंद करून मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी करावे.

पुराव्यात इंजेक्शन फार पुढे आहे, पण ते वेगळ्या आजारासाठी. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या बहुतेक पेशींना अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसे बनवता येत नाही. अस्पॅराजिनेज रक्तातील अस्पॅराजिन तोडते आणि त्या पेशींची उपासमार होते. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. मेथिओनिन घटवल्याने उंदरांमधील काही गाठींची वाढ मंदावल्याचे २०१९ मध्ये दिसले. माणसांत हा उपचार सिद्ध झालेला नाही.

इंजेक्शनने ॲलर्जी, स्वादुपिंडदाह किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. आहाराला खर्च नाही. परंतु केमोथेरपीने आधीच खंगलेल्या माणसाच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी एवढेच उरले, तर वजन आणि स्नायू दोन्ही घटतात, आणि मला याचीच अधिक काळजी वाटते.

इंजेक्शन त्या ल्युकेमियाच्या रुग्णासाठी योग्य. मेथिओनिनचे पथ्य आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालील वैद्यकीय चाचणीपुरतेच. या वडिलांना दोन्ही नकोत. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर त्यांचे अंडे आणि दूध चालू ठेवावे.