वाटाणा की सोया? व्हीगन खेळाडूच्या उरलेल्या 25 ग्रॅमचा प्रश्न

डाळी, कडधान्यं, टोफू, शेंगदाणे, ओट्स असं सगळं नीट खाणाऱ्या व्हीगन खेळाडूचीही प्रोटीनची बेरीज बहुतेक दिवशी थोडक्यात कमी पडते. खेळाडूंना वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 2 ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगतात. माझं वजन 64 किलो. मी 1.6 चा हिशोब धरतो, म्हणजे दिवसाला 102 ग्रॅमच्या आसपास. त्यातले 75-80 जेवणातून फार विचार न करता येतात. त्यापुढच्या 25 ग्रॅमसाठी मात्र रोज काहीतरी वेगळं करावं लागतं. हे 25 ग्रॅम पावडरमधून घ्यायचं ठरवलं असेल, आणि वाटाण्याची पावडर घ्यावी की सोयाची यावर गाडी अडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. मी दोन्ही भरपूर वापरल्या आहेत आणि आता एकीवर स्थिरावलो आहे.

ते 25 ग्रॅमही जेवणातून येत असतील तर उत्तमच, पावडरच्या वाटेला जाऊच नका. मला ते जमत नाही, कारण शिजवलेल्या मसुरात 100 ग्रॅमला साधारण 9 ग्रॅम प्रोटीन असतं. 25 ग्रॅमसाठी पावणेतीनशे ग्रॅम मसूर जास्तीची खायची, आणि तिच्याबरोबर 20 ग्रॅमच्या वर फायबरही पोटात जाणार. विश्रांतीच्या दिवशी चालून जातं. संध्याकाळी इंटरव्हल, म्हणजे थांबून थांबून वेगात धावण्याचा सराव असेल, तर दुपारचं हे जेवण धावताना पोटात डचमळत राहतं. टोफूचं तसं होत नाही, पण तो माझ्या जेवणात आधीच असतो. तिसऱ्यांदा तोच समोर आला की नकोसा होतो.

आता दोन पावडरी. कागदावर सोया थोडी पुढे आहे. प्रथिनांचा दर्जा मोजायची जी पद्धत वर्षानुवर्षं वापरात आहे, म्हणजे पीडीसीएएएस, तिच्यात सोया आयसोलेटला (बाकीचं बहुतेक काढून उरलेलं जवळजवळ शुद्ध प्रोटीन) 1 च्या अगदी जवळ गुण मिळतात, वाटाण्याला 0.8 ते 0.9 च्या दरम्यान. वाटाण्यात मिथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी पडतात, म्हणून हा फरक. पण या फरकाची फार काळजी करावी असं मला वाटत नाही. आपण दिवसभरात फक्त वाटाणा खात नाही. तांदूळ, गहू, ओट्स, तीळ यांतून ही आम्लं येतच असतात, आणि प्रत्येक घासात सगळी अमिनो आम्लं जुळलीच पाहिजेत असंही काही नाही. दिवसाचा मेळ बसला की पुरतं. ज्याचा एकूण आहारच तोकडा आहे, त्याने मात्र हा आकडा गांभीर्याने घ्यावा.

ल्युसिन या आणखी एका अमिनो आम्लाच्या बाबतीत दोघी जवळपास सारख्या, एकूण प्रोटीनच्या साधारण 8 टक्के. म्हणजे 25 ग्रॅममधून 2 ग्रॅम. स्नायूंची बांधणी नीट सुरू व्हायला एका वेळी 2 ते 3 ग्रॅम ल्युसिन लागतं असं मानतात, त्यामुळे दोन्ही पावडरी काठावर पास होतात. सरावानंतर मी स्कूप सपाट न घेता जरा भरून घेतो तो यासाठीच.

अभ्यासांकडे वळलो तरी निकाल लागत नाही. 2015 च्या एका अभ्यासात 161 तरुणांना 12 आठवडे वेट ट्रेनिंग दिलं. काहींना दिवसातून दोनदा 25 ग्रॅम वाटाणा प्रोटीन, काहींना तेवढंच व्हे, म्हणजे दुधातलं प्रोटीन. दंडाच्या स्नायूची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली. 2021 मध्ये ब्राझीलमध्ये 19 व्हीगन आणि 19 मिश्राहारी तरुणांवर अभ्यास झाला. सगळ्यांचं प्रोटीन दर किलोला 1.6 ग्रॅमवर आणलं, व्हीगन मुलांना वरून सोया दिलं, दुसऱ्यांना व्हे. तिथेही 12 आठवड्यांनी स्नायू आणि ताकद दोन्हीकडे सारखीच वाढलेली. दोघींच्या बाजूने चांगला पुरावा असताना एकीला नापास करणं बरोबर नाही. म्हणूनच माझा निर्णय शेकरमध्ये झाला.

सराव संपल्यावर लगेच शेकर तोंडाला लावणारे खेळाडू असतात, मी त्यांच्यातला नाही. धावण्याच्या शेवटच्या फेरीनंतर आधी चालतो, स्ट्रेचिंग करतो, बूट बदलतो, कोचशी दोन शब्द बोलतो. पाणी घालून हलवलेला शेकर तोवर बाकावर पडलेला असतो. वाटाण्याची पावडर तेवढ्या वेळात फुगते. झाकण उघडलं की वर फेसाचा जाड थर, मध्ये मातकट पिवळसर दाट द्रव, आणि तळाशी खळीसारखा लगदा बसलेला. पुन्हा हलवलं तर लगदा सुटतो खरा, पण बारीक रेतीसारखे कण जिभेवर आणि दातांच्या मागे चिकटतात. श्वास अजून पुरता खाली आलेला नाही, तोंडाला कोरड पडलेली, अशा वेळी हे गिळणं जड जातं. वर कच्च्या वाटाण्याची तुरट, किंचित कडसर चव. व्हॅनिला घाला, चॉकलेट घाला, शेवटच्या घोटाला ती वर येतेच. घरी येऊन शेकर विसळताना झाकणाच्या आट्यांमध्ये अडकलेला चिकटा ब्रशने काढावा लागतो. एखादा दिवस तसाच राहिला तर वास धुऊनही जात नाही.

यात मला खटकलं ते वेगळंच. कितीही निश्चय केला तरी तळाचा भाग मी टाकून देत होतो, आणि पावडरचा मोठा वाटा तळाशीच असतो. डब्यावर 24 ग्रॅम लिहिलेलं, पोटात गेले किती कोण जाणे. जे 25 ग्रॅम भरून काढण्यासाठी हा खटाटोप, त्यातलेच बेसिनमध्ये जात असतील तर पीडीसीएएएसची चर्चा करून उपयोग काय?

सोया आयसोलेटही ठेवल्यावर थोडं दाटतं, नाही असं नाही. पण मी वापरलेलं प्रत्येक सोया आयसोलेट तेवढ्याच वेळानंतर एकदा झटकून हलवलं की पुन्हा प्यायला तयार. दुधासारखं पातळ, कण जवळपास नाहीत, चव साधी सोया मिल्कची. लेसिथिन (पावडर पाण्यात सहज मिसळावी म्हणून लावतात तो पदार्थ) लावलेलं, म्हणजे ज्याच्यावर 'इन्स्टंट' लिहिलेलं असतं ते घेतलं तर गुठळ्याही होत नाहीत. शेकर रिकामा होतो. माझ्यासाठी तराजू झुकला तो इथे. एक सांभाळा: दोन्हीपैकी कुठलीही पावडर संत्र्याच्या किंवा लिंबाच्या रसात घालू नका. ही प्रथिनं साडेचारच्या आसपासच्या पीएचला सर्वांत कमी विरघळतात, त्यामुळे आंबट रसात ती फाटतात आणि चोथा खाली बसतो.

वाटाण्याची पावडर मी घरातून काढून टाकलेली नाही. शेकरमध्ये छळणारा तिचा दाटपणा स्वयंपाकात कामी येतो. सूपमध्ये दोन चमचे घातली तर सूप छान मिळून येतं. ओट्स शिजत आल्यावर घातली तर खिरीसारखा दाटपणा येतो आणि चव दालचिनीखाली झाकून जाते. दिवसातून दोनदा पावडर लागणाऱ्यांनी सकाळच्या ओट्समध्ये वाटाणा आणि मैदानावर सोया असं करून बघायला हरकत नाही. तांदूळ आणि वाटाण्याच्या मिश्रणाचाही पर्याय आहे. तांदळात मिथिओनिन बरं आणि लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, वाटाण्यात उलटं, म्हणून जोडी जमते. पण रवाळपणा त्यात आणखी वाढतो, निदान माझ्या तोंडाला तरी.

सोयाबद्दल नेहमीची शंका हार्मोनची असते. विशेषतः तरुण मुलं आणि त्यांचे पालक खूप घाबरलेले दिसतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. सोयातले आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनशी रचनेने मिळतेजुळते आहेत, पण ते इस्ट्रोजेन नव्हेत. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांची एकत्रित विश्लेषणं 2010 आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. सोयामुळे टेस्टोस्टेरॉन घटतं असं त्यांत दिसलं नाही. या भीतीपोटी कोणी सोया टाळत असेल तर मला ते योग्य वाटत नाही.

सोया खरोखर टाळावं किंवा जपून घ्यावं अशी कारणं वेगळी आहेत. सोयाची ॲलर्जी असेल तर विषय संपला, वाटाणाच घ्या. मात्र शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी वाटाण्याच्या बाबतीतही आधी डॉक्टरांना विचारावं, कारण दोन्ही शेंगवर्गातलेच. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयामुळे ती नीट शोषली जात नाही असं होऊ शकतं. गोळी आणि शेक यांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि तुमच्या जेवणात सोया चंक्स, टोफू, सोया मिल्क हे आधीच रोज असेल, तर पावडर तरी वाटाण्याची असावी हा विचार मला पटण्यासारखा वाटतो. सगळा भार एकाच पिकावर टाकू नये.

पचनाच्या बाबतीत दोन्ही सारख्याच हलक्या वाटल्या. गॅस करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओजसारख्या शर्करा आयसोलेट बनवताना बऱ्याचशा निघून जातात. डाळीने पोट फुगतं म्हणून कोणी पावडरलाही घाबरत असेल, तर ती भीती सोडायला हरकत नाही. मात्र नुसतं सोया पीठ आणि सोया आयसोलेट यांत गल्लत करू नका. पिठात त्या शर्करा तशाच राहतात.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी डब्यावर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' यांपैकी एक चिन्ह, म्हणजे बंदी असलेल्या पदार्थांसाठी तपासणी झाल्याची खूण, आहे का ते पाहून मगच वाटाणा-सोयाचा विचार करावा. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच येते. डब्यात भेसळ होती हे सांगून सहसा पूर्ण सुटका होत नाही.

घेताना दोन्हींचे लहान पुडे, बिनचवीचे घ्या. चॉकलेटमध्ये पहिल्या दिवशी सगळंच बरं लागतं. पाण्यात कालवा, सरावाला जा, आणि नेहमी जेवढा वेळ शेकर बाकावर पडून राहतो तेवढा राहू द्या. मग प्या, आणि तळाशी किती उरलं ते बघा.