बोटीतला केबिन हीटर आणि तापणारे इंजिन : शिवसागरावरील वापराचा अनुभव

बामणोली ते तापोळा या पट्ट्यात, कोयनेच्या जलाशयावर, म्हणजे शिवसागरावर, आमची बंद केबिनची एक डिझेल लाँच चालते. वर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या ज्या दिवसांत छापून येतात, त्या दिवसांत खाली शिवसागरावरही पहाटेच्या फेरीला चालकाचे हात सुकाणूवर आखडतात आणि समोरची काच आतून धुरकट होते. म्हणून गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर इंजिनाच्या कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणाऱ्या द्रवावर, चालणारा हीटर बसवून घेतला. एक हिवाळा, एक उन्हाळा आणि पाठोपाठचा पावसाळा असा वापर झाल्यानंतर हीटरबद्दल माझे मत चांगलेच आहे. मात्र तो जोडल्यापासून काही आठवडे इंजिन वारंवार तापत होते, आणि त्यामागचे कारण हीटरच्या पेटीसोबत आलेल्या कागदांत कुठेही लिहिलेले नव्हते. या लेखनाचा मोठा भाग त्यासाठीच आहे.

हीटर साधाच आहे. मुळात तो ट्रकच्या केबिनसाठी बनवलेला आहे. आत लहान रेडिएटरसारखी जाळी, मागे दोन वेगांचे १२ व्होल्टचे दोन पंखे, आणि कूलंट आत-बाहेर करण्यासाठी १६ मिलिमीटरच्या दोन नळ्या, एवढाच कारभार. इंजिन तीन सिलिंडरचे असून त्याच्या थंडाव्याची व्यवस्था दुहेरी आहे. सिलिंडरभोवती कूलंट फिरते, ते हीट एक्स्चेंजरमध्ये जलाशयाच्या पाण्याने थंड होते, आणि ते पाणी धुरासोबत मागच्या बाजूने बाहेर पडते. बसवण्याचे काम ट्रकच्या कामात मुरलेल्या एका कारागिराने केले. काम दिसायला नीटनेटके होते. क्लिपा घट्ट होत्या, गळती कुठेही नव्हती.

तरीही भरल्या बोटीने मोकळ्या पाण्यात वेग घेतला की थोड्याच वेळात इंजिनाच्या तापमानाचा काटा ८२ अंशांवरून चढू लागे आणि ९५ ओलांडून लाल पट्ट्याकडे जाई. धक्क्याला बांधून रिकामे इंजिन चालवले तर काहीच होत नसे. हीटरमधून मात्र सुरू करताना खळखळ ऐकू येई आणि हवा कधी गरम, कधी गार येत असे. दाखवायला नेलेल्या एका मिस्त्रींनी थेट हेड (इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग) उतरवून त्याखालचे गॅस्केट बदलण्याचा सल्ला दिला. तो मानला नाही याचे मला समाधान आहे, कारण त्या खर्चानंतरही इंजिन तसेच तापले असते.

इथे मूळ गणित आधी मांडले पाहिजे. डिझेल इंजिनात जळणाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, तेवढाच धुरातून जातो आणि उरलेला बराचसा कूलंटमध्ये उतरतो. केबिन हीटर त्या कूलंटमधलीच उष्णता काढून घेतो, म्हणजे तो इंजिनाला मिळालेला जादा रेडिएटरच ठरतो. गाडीचे इंजिन घाटात तापू लागले तर जुने चालक काचा उघडून हीटर पूर्ण सोडतात, ते याच कारणाने. तेव्हा हीटर जोडल्यावर इंजिन तापत असेल, तर दोष हीटरच्या ओझ्याचा असू शकत नाही. जोडणीमुळे पाण्याच्या वाटेत काहीतरी बिघडले आहे, असेच धरून शोध सुरू करावा लागतो.

पहिली कसोटी वेगळे करून पाहण्याची. इंजिनाजवळच हीटरच्या दोन्ही जोडण्या बंद करून, कूलंट पुन्हा भरून, तोच भार आणि तोच वेग ठेवून बोट चालवली. काटा ८२ वर स्थिर राहिला. त्यामुळे गॅस्केट, थर्मोस्टॅट (कूलंट पुरेसे तापल्यावरच त्याची थंड होण्याची वाट उघडणारी झडप), कूलंटचा पंप आणि जलाशयाचे पाणी ओढणारा पंप, हे सगळे एका फटक्यात संशयातून सुटले. ही चाचणी जवळजवळ फुकट असते, आणि हेड उतरवण्याआधी ती करायला सांगणारा माणूस विरळा, हे मला खटकते.

दुसरी गोष्ट कूलंटच्या मापाची. १६ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ०.२ लिटर कूलंट मावते. आमच्या बोटीत जाणारी आणि येणारी मिळून आठ मीटर नळी आहे, म्हणजे १.६ लिटर, आणि वर हीटरच्या जाळीतले अर्ध्या लिटरच्या आसपास. हे दोन लिटर कुठून तरी यायलाच हवेत. इंजिनाची कूलंटची टाकी एकदाच काठोकाठ भरून झाकण लावले, तर पुढे हीटरची झडप उघडताच टाकीतले कूलंट नळ्यांत उतरते आणि तेवढी हवा इंजिनात येते. कारागिराने नंतर पुन्हा भर घातली होती, तरी त्रास संपला नव्हता, कारण खरी अडचण उंचीची होती.

ट्रकमध्ये रेडिएटरचा वरचा भाग आणि भरण्याचे झाकण साधारणपणे हीटरपेक्षा उंच असते. बोटीत इंजिन पायाखाली, फळ्यांच्या तळाशी, आणि हीटर चालकाच्या समोर कमरेच्या उंचीवर. म्हणजे संपूर्ण वाटेतली सर्वांत उंच जागा हीटर, आणि भरण्याचे झाकण त्याच्या बरेच खाली. झाकणातून कितीही कूलंट ओतले तरी ते हीटरमधल्या हवेला हलवू शकत नाही. आपल्याकडे उपसा सिंचनाच्या लांब पाइपलाइनला प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह का ठेवतात, हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मंद गतीला ही हवा हीटरमध्येच अडून राहते, म्हणून धक्क्यावर काही दिसत नाही. इंजिनाने वेग घेतला की प्रवाह वाढतो, हवेचे तुकडे सुटतात आणि इंजिनाच्या हेडमध्ये वरच्या बाजूला जाऊन बसतात. तिथे धातूला कूलंट लागत नाही, वाफ होते आणि काटा चढतो.

काट्याबद्दल एक सावधगिरी इथेच सांगतो. त्याला तापमान कळवणारा संवेदक कूलंटमध्ये बुडालेला असेल तेव्हाच काट्याचे सांगणे खरे मानावे. संवेदकाभोवती हवा आली तर काटा एकाएकी खाली येतो आणि संकट टळले असे वाटते. चालकाने एकदा आनंदाने "अण्णा, उतरला काटा!" असे सांगितले, त्याच वेळी हाताच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडवर १०० च्या वर आकडा दाखवला होता. हे यंत्र आता स्वस्तात मिळते आणि या कामात त्याची फार मदत होते. हीटरच्या आत जाणाऱ्या नळीवर ८० अंश आणि बाहेर येणाऱ्या नळीवर जेमतेम ३० दिसत असतील, तर आत प्रवाह जवळजवळ थांबलेला आहे. पंखे चालू असताना दोन्हींत माफक फरक असेल तर वाट मोकळी आहे.

दुरुस्तीत तीन कामे केली. हीटरपेक्षा एक वीत उंच, केबिनच्या मागच्या भिंतीवर, दाबाच्या झाकणाची वेगळी टाकी बसवली आणि इंजिनावरच्या मूळ झाकणाच्या जागी दाब न सोडणारे बंद झाकण लावले. टाकीच्या तळातून निघणारी नळी कूलंट पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जोडली, तर हीटरच्या सर्वांत वरच्या टोकापासून आणि हीट एक्स्चेंजरच्या माथ्यापासून एकेक बारीक नळी टाकीत आणून सोडली, म्हणजे सुटलेली हवा आपोआप वर निघून जाते. तिसरे काम हीटरच्या जोडणीच्या टोकांचे. आधी दोन्ही टोके थर्मोस्टॅटच्या पुढच्या बाजूलाच घेतली होती. तिथे दाबात फारसा फरक नसल्यामुळे हीटरमधून कूलंट नीट खेचले जात नव्हते. आता गरम कूलंट थर्मोस्टॅटच्या आधी, हेडमधून निघते आणि परतीची नळी पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जाते. नळी जाड केली की हीटर जास्त तापेल असे काहींना वाटते, पण तसे करू नये. पंखे बंद असताना हीटरमधून आलेले कूलंट थंड न होताच इंजिनात परतते, आणि वाट फार मोठी असेल तर हीट एक्स्चेंजरला बगल देणारा प्रवाह वाढतो.

कूलंट भरताना हीटरची झडप पूर्ण उघडी ठेवावी, नवीन टाकीतून सावकाश भरत जावे, आणि हीटरच्या परतीची नळी क्षणभर ढिली करून अखंड धार येईपर्यंत हवा सोडावी. मग झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत नळ्या हाताने दाबत राहाव्यात आणि पातळी पुन्हा पूर्ण करावी. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना पातळी पुन्हा थोडी उतरलेली आढळते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. शिवसागराच्या उंचीवर साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. ०.९ बार दाबाचे झाकण आतला दाब धरून ठेवते, म्हणूनच त्याहून तापलेले कूलंट शांत असते. झाकण सैल करताच ते उसळून अंगावर येते.

या कामानंतर अख्खा हिवाळा काटा ८२ ते ८४ मध्ये राहिला. मे महिन्यात मात्र इंजिन पुन्हा तापले आणि बोटीवरच्या सगळ्यांनी बोट हीटरकडेच दाखवले, जरी त्याची झडप महिनोन् महिने बंद होती. त्या दिवसांत जलाशयाची पातळी खूप उतरलेली असते, धक्का दूर सरकतो आणि काठाच्या पाण्यात गाळ आणि कुजका पाला तरंगतो. मागून धुरासोबत पडणारी पाण्याची धार पाहिली तर ती निम्म्यावर आली होती. गाळणी पाल्याने गच्च भरली होती आणि पंपाच्या रबरी इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची) दोन पाती फाटली होती. तेव्हा इंजिन तापताच प्रथम मागची धार पाहावी. धार कमी असेल तर दोष जलाशयाच्या पाण्याच्या बाजूला, धार जोमदार असेल तर कूलंटच्या बाजूला. फाटलेल्या पात्यांचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात, तेही शोधून काढावे लागतात, नाहीतर नवा इंपेलर बसवूनही धार वाढत नाही.

आता हीटरच्या प्रत्यक्ष कामाविषयी. भरल्या बोटीने चालू लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत केबिन उबदार होते. धक्क्यावर इंजिन मंद ठेवून प्रवाशांची वाट पाहत असलो तर हीटरचा फारसा उपयोग नाही, कारण तेव्हा इंजिन उष्णताच कमी देते, आणि पंखे मोठ्या वेगाला ठेवले तर इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही. पहाटे चढण्याआधीच केबिन गरम हवी असेल, तर हा प्रकार घेऊ नये. मला सर्वांत मोठा लाभ अनपेक्षितपणे पावसाळ्यात झाला. पर्यटक नसतात, पण पलीकडच्या गावांची ने-आण चालू राहते, आणि भिजलेल्या माणसांनी भरलेल्या बंद केबिनमध्ये काच सतत धुरकटते. हीटरची एक नळी काचेकडे वळवल्यापासून चालकाला फडके हातात घेऊन बसावे लागत नाही. बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवण्याचा जो जीवघेणा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याच्या तुलनेत इथे आत काही जळत नाही, ही माझ्या दृष्टीने थंडीपेक्षाही महत्त्वाची बाब आहे. फक्त पंख्यांनी हवा केबिनमधलीच ओढावी. इंजिनाच्या खणाकडे फट राहिली तर डिझेलचा वास आणि धूर आत येतो, म्हणून ती फट आम्ही रबरी पट्टीने बंद केली.

कूलंट आमच्या हवेत गोठण्याच्या भीतीने वापरायचे नसते, तर गंज आणि उकळणे टाळण्यासाठी वापरायचे असते, तेव्हा एक भाग कूलंट आणि दोन भाग शुद्ध केलेले पाणी पुरते. जलाशयाचे पाणी आत भरू नये. काढलेले कूलंट बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात सोडून पंपाने बाहेर फेकणे तर अजिबात चालणार नाही, कारण त्यातले ग्लायकॉल विषारी असते आणि काठावरची गावे जलाशयाचेच पाणी पितात. आम्ही ते कॅनमध्ये भरून साताऱ्याला गॅरेजात देतो.

तक्रारी दोनच आहेत. हीटरची झडप प्लॅस्टिकची असून उन्हाळ्यानंतर ती घट्ट झाली आहे, आणि तिच्या जागी पितळी झडप बसवण्याचे ठरवले आहे. मोठ्या वेगाला पंख्यांचा आवाज इतका होतो की मागून कोणी हाक मारली तर चालकाला ऐकू येत नाही, त्यामुळे प्रवासी असताना ते लहान वेगालाच ठेवतो.