अपियात घेतलेला ‘ऐंशी वर्षे जुना’ सिआपो

जुलै 2023 मध्ये, मुलांच्या शाळेच्या सुट्टीत, आम्ही ऑकलंडहून सामोआ या पॅसिफिक महासागरातील बेटांच्या देशात गेलो होतो. परतण्याच्या आदल्या दिवशी राजधानी अपियामध्ये एका विक्रेत्याकडून आम्ही सालीच्या कापडाचा एक मोठा तुकडा आणि एक लाकडी पात्र विकत घेतले. दोन्हींचे मिळून 780 टाला झाले, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तेवीस हजार रुपये. कापड खोटे निघाले आणि पात्र विमानतळाबाहेरसुद्धा आणता आले नाही. आमच्या ओळखीतील काही कुटुंबे तिकडे जाण्याचे ठरवत असल्यामुळे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

सिआपो म्हणजे कागदी तुतीच्या सालीपासून केलेले कापड. सामोआत त्या झाडाला ‘उआ’ म्हणतात. हे कापड मागावर विणत नाहीत. ओली साल ठोकून ठोकून रुंद करतात आणि तिच्यावर नैसर्गिक रंगांनी नक्षी काढतात. जाण्यापूर्वी मी एवढेच वाचले होते आणि तेवढ्या माहितीवर मी खरेदीला निघाले, ही माझी पहिली चूक. माझे माहेर इचलकरंजीचे. वडिलांचे यंत्रमाग होते आणि लहानपणापासून सूत हाताळल्यामुळे कापड मला कळते, असा माझा समज होता.

दुकान मुख्य बाजारात नव्हते, मागच्या गल्लीत होते. शनिवारची दुपार होती आणि बाजार आवरत आला होता. विक्रेता मध्यमवयीन, अतिशय नम्र आणि उत्तम इंग्रजी बोलणारा होता. त्याने प्रथम काहीच विकायला काढले नाही. आम्ही कुठले, मुले कितवीत आहेत, भारतात आईवडील कसे आहेत, अशी आपुलकीची चौकशी केली, मुलांना शहाळी दिली आणि मग आतून एका जुन्या चादरीत गुंडाळलेले कापड आणले. हे त्याच्या आजीने सवाई बेटावर ऐंशी वर्षांपूर्वी केलेले, घरातील लग्नांत वापरलेले, आणि आता मुलाच्या शिक्षणासाठी नाइलाजाने काढावे लागत आहे, असे त्याने सांगितले. कापड साधारण पाच फूट लांब आणि चार फूट रुंद होते. रंग तपकिरी-काळा, चौकटी-चौकटींत नीरफणसाच्या पानांची नक्षी. एका कोपऱ्यात अर्धचंद्रासारखा काळसर डाग होता. तो आजीच्या हातून सांडलेल्या दिव्याच्या तेलाचा आहे, असे सांगताना त्याने त्या डागावरून बोट फिरवले. ते पाहून माझ्या डोळ्यांसमोर माझीच आजी उभी राहिली. व्यवहार तिथेच ठरला, हे आज मला स्वच्छ दिसते.

किंमत त्याने 900 टाला सांगितली. मी आपल्या सवयीप्रमाणे घासाघीस केली आणि तो थोडा वेळ गप्प राहून, जणू मन घट्ट करून, 600 वर आला. सामोआच्या बाजारात घासाघीस करण्याची रीत फारशी नाही. वस्तूचा जो भाव असेल तोच सांगतात आणि तोच घेतात, हे मला नंतर कळले. परक्या देशातून आलेल्या आणि भाव पाडून घेण्यात समाधान मानणाऱ्या माणसांसाठीच तो 900 चा आकडा होता. पावती मागितली तेव्हा, पावती केली तर वर पंधरा टक्के कर लागेल आणि यंत्र बिघडल्यामुळे कार्डही चालत नाही, असे उत्तर मिळाले. उद्या रविवार, सगळे बंद, आणि तुमचे विमान उद्याच रात्री आहे, याची आठवणही त्यानेच करून दिली. रविवारी तिथे खरोखरच जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात, त्यामुळे ही घाई मला रास्त वाटली. शेवटचा दिवस आणि शेवटची दुपार खरेदीसाठी राखून ठेवू नये, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते, कारण विचारपूस करायला, दुसरे दुकान पाहायला, एक रात्र मध्ये जाऊ द्यायला तेव्हा अवकाशच उरत नाही.

पात्र 180 टालाला घेतले. ‘आवा’ हे पेय ज्यात कालवतात त्या पसरट, अनेक पायांच्या पात्राला तानोआ म्हणतात. ते इफिलेले या अत्यंत कठीण आणि जड लाकडातून कोरतात. उपोलू बेटाच्या पूर्वेकडील उआफातो हे गाव या कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. आमचे पात्र दिसायला गडद आणि तुकतुकीत होते, पण माझ्या सात वर्षांच्या मुलाने ते एका हाताने सहज उचलले होते. त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आले नाही.

याच बैठकीत त्याने कासवाच्या पाठीची एक फणीही दाखवली आणि ती जुनी असल्यामुळे कायद्याची अडचण येत नाही, असे ठामपणे सांगितले. सुदैवाने माझे पती तिथे ठाम राहिले. समुद्री कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे, आणि अशी वस्तू सामानात सापडली तर विक्रेत्याचे शब्द तिथे कामी येत नाहीत. ही फणी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये.

ऑकलंडच्या विमानतळावर आम्ही दोन्ही वस्तू अर्जात नोंदवल्या होत्या. लाकूड, बिया, पाने, साल यांपासून केलेली कोणतीही वस्तू न्यूझीलंडमध्ये आणताना ती जाहीर करावीच लागते. न सांगता आणल्यास जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. तपासणी करणाऱ्या बाईंनी पात्र पांढऱ्या कागदावर उलटे करून हलकेच ठोकले, आणि कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला. पायांच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोके होती. लाकूड पोखरणारा किडा आत जिवंत असण्याची शक्यता होती. स्वखर्चाने धुरी देऊन घ्या किंवा वस्तू इथेच सोडा, असे दोन पर्याय त्यांनी दिले. धुरीचा खर्च पात्राच्या किमतीपेक्षा जास्त होत होता, म्हणून आम्ही ते सोडले. जिथे त्यांनी ओल्या फडक्याने पुसले होते तिथला गडद रंग फडक्याला लागला होता आणि खाली फिकट, मऊ लाकूड दिसत होते. सिआपो मात्र त्यांनी उलटसुलट पाहून लगेच परत दिला. झाडाच्या सालीचे आहे, असे मी मुद्दाम सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे सुती कापड आहे, याला काही अडचण नाही.” मला तो त्यांचा गैरसमज वाटला.

आमच्या शेजारी एक सामोअन आजी राहतात. सवाईत वाढलेल्या, ऑकलंडला येऊन चाळीस वर्षे झालेल्या. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ते कापड दाखवायला नेले. त्यांनी ते मांडीवर घेतले, तळव्याने चाचपले, नाकाशी नेले आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग किती पैसे दिले, असे विचारले. मी आकडा सांगितल्यावर त्या उठून आत गेल्या आणि गादीखालून घडी करून ठेवलेला स्वतःच्या आईचा सिआपो घेऊन आल्या. त्यांनी दोन्ही तुकडे खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले.

त्यांच्या सिआपोतून उजेड येत होता तो ढगातून आल्यासारखा, कुठे दाट, कुठे विरळ. लांब रेषा एकमेकींवरून तिरप्या गेलेल्या, त्यांना सरळ दिशा अशी नव्हती. माझ्या कापडात ताणा आणि बाणा स्पष्ट दिसत होता. ते साधे विरळ विणीचे सुती कापड होते, सायझिंग केलेल्या सुतासारखा ताठपणा त्याला खळीने आणलेला होता. मी लहानपणी हजारो वेळा कापड उजेडासमोर धरून पाहिले आहे, पण त्या दुपारी अपियात ते मला सुचले नाही. आजींनी त्यांचा सिआपो उलटा करून मागची ठिगळे दाखवली. साल ठोकताना फांद्यांच्या गाठींच्या जागी भोके पडतात. त्यांवर त्याच सालीचे छोटे तुकडे मासोआ नावाच्या कंदाच्या खळीने चिकटवतात. अशी वीस-बावीस ठिगळे मी मोजली. माझ्या कापडावर एकही नव्हते, आणि माझ्या मनात अस्सलपणाची खूण म्हणजे निर्दोषपणा हीच होती. तेलाचा डाग मागच्या बाजूला अजिबात उतरलेला नव्हता. शेवटी आजींनी ओल्या बोटाने माझ्या कापडाची कड चोळली तेव्हा ‘जुनेपणा’चा पिवळसर रंग चहासारखा बोटाला लागला. खऱ्या सिआपोवर ही पाण्याची परीक्षा करू नये, पाण्याने तो खराब होतो, हेही त्यांनीच सांगितले.

त्यांना राग आला नाही, वाईट वाटले. कुणाच्या तरी आजीचे नाव सांगून हे विकले गेले, एवढेच त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारले की त्याने ‘इए तोंगा’ही दाखवली का. दाखवली होती, 300 टालाला एक चटई, घराण्याचा ठेवा म्हणून. इए तोंगा ही केवड्याच्या जातीच्या पानांच्या अतिशय बारीक पट्ट्यांची, हाताला रेशमासारखी लागणारी, कडेला लाल पिसे लावलेली चटई असते. ती विणायला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात आणि ती लग्नात, अंत्यविधीत, एखाद्याला घराण्याचे प्रमुखपद देताना दिली जाते. गंभीर अपराध घडल्यावर अपराध्याच्या बाजूची माणसे पीडिताच्या घरासमोर हीच चटई पांघरून क्षमा मागायला बसतात. त्या विधीला इफोंगा म्हणतात. 2019 मध्ये युनेस्कोने या चटईच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. अशी वस्तू गल्लीतल्या दुकानात 300 टालाला मिळत असेल, तर ती जमिनीवर अंथरायची साधी चटई आहे, असे निःशंकपणे समजावे.

विक्रेत्याने दिलेल्या व्हिजिटिंग कार्डावरचा दूरध्वनी लागला नाही. तिथल्या पर्यटकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाला लिहिले. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिले, पण पावती नाही, कार्डाने पैसे दिल्याची नोंद नाही, दुकानाचे नाव नाही, अशा स्थितीत ते काही करू शकत नव्हते. रोख पैसे आणि पावती नाही या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथून उठून जावे, मग समोरचा माणूस कितीही आपुलकीने वागलेला असो.

त्यानंतर वर्षभराने आम्ही पुन्हा गेलो, आणि या वेळी पहिल्याच दिवशी मुलिफानुआहून सालेलोलोंगाची फेरी बोट धरून सवाईला उतरलो. आजींनी पालाउलीकडे जायला सांगितले होते. तिथे एका घराच्या पडवीत एक बाई पाय पसरून बसल्या होत्या आणि समोर हातभर लांबीच्या ओल्या फांद्या होत्या. त्यांनी एका फांदीची साल बुंध्याकडून टोकाकडे एका ओढीत सोलली, वरचा हिरवा पापुद्रा काढून टाकला आणि आतली पांढरी साल तिरप्या फळीवर ठेवून शिंपल्यांनी खरवडू लागल्या. खरवडताना पाणी आणि चीक निथळत होता. मग तुतुआ या लाकडी ठोकळ्यावर इ’ए नावाच्या चौकोनी मोगरीने ठोकायला सुरुवात केली, आणि चार बोटे रुंद असलेली साल माझ्यासमोर हळूहळू हातभर पसरली. ती वाळत घातल्यावर आक्रसू नये म्हणून कडांवर दगड ठेवले. नक्षीच्या कोरीव फळीला उपेति म्हणतात. तिच्यावर साल पसरून लाल मातीचा आणि ओआ झाडाच्या सालीचा रंग घासतात, किंवा फळी न वापरता वाळलेल्या फळाच्या कुंचल्याने मुक्तहस्ते चितारतात. काळा रंग एका बीच्या काजळीचा आणि पिवळा हळदीचा. हे पाहिल्यावर कुणी पाच फुटांचा जुना तुकडा दोन मिनिटांत भाव पाडून देतो म्हटले, तर तो विचारात घेण्याचीही गरज उरत नाही. त्या बाईंकडून मी दीड फुटाचा तुकडा घेतला. मागे तीन ठिगळे होती आणि त्यांनी ती आपणहून दाखवली. भाव एकच सांगितला, मी तोच दिला.

वस्तू कुणाची होती, किती जुनी आहे, यावर विक्रेता तासभर बोलू शकतो, कारण ते पडताळता येत नाही. झाड कोणते, खळ कशाची, हा काळा रंग कशाचा, भोक पडले तर काय करता, असे कामाबद्दलचे प्रश्न मी त्या पहिल्या दुपारी विचारले असते, तर मला वाटते त्याने विषय पुन्हा आजीकडेच वळवला असता आणि माझ्या ते लक्षात आले असते.

परतण्याच्या दिवशी आम्ही अपियातील त्या गल्लीत गेलो. दुकान तिथेच होते, पण गल्ल्यावर एक तरुण मुलगा होता. आमचा विक्रेता दिसला नाही. आत एक वयस्क जोडपे उभे होते आणि त्यांच्यासमोर जुन्या चादरीवर तसेच एक कापड पसरलेले होते. त्याच चौकटी, नीरफणसाची तीच पाने आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तोच अर्धचंद्रासारखा डाग. मी पिशवीतून पालाउलीचा तुकडा काढला, त्या जोडप्यातील बाईंच्या हातात दिला आणि म्हटले, “दोन्ही जरा दारापाशी, उजेडात धरून पाहा.”